विहीणबाईंचं माहेर

भिसेगावातल्या उज्वलाच्या दुकानावर 'पोळीभाजी केंद्र' अशी पाटी होती, पण उज्वला स्वतः चपातीला कधी पोळी म्हणाली नव्हती. तिच्या लेखी पोळी म्हणजे पुरणाची. पाटी रंगवणारा पुण्याकडचा होता, त्यानं आपल्या मनानं लिहिलं, आणि उज्वलाच्या नवऱ्यानं, राकेशनं, ती पुन्हा रंगवून घ्यायचा कंटाळा केला. पुढं गिऱ्हाइकं 'दहा पोळ्या द्या' म्हणायला लागली आणि उज्वला दहा चपात्या बांधून द्यायला लागली. कुणाचं काही अडलं नाही.

त्या दुकानापायी तिला एक खोड मात्र लागली. आजूबाजूला नव्या इमारती उठल्या होत्या आणि त्यांत कुठून कुठून माणसं राहायला आली होती. कुणी भेळेला कुरमुरे मागायचं, कुणी चुरमुरे, कुणी मुरमुरे. लाल भोपळ्याला कुणी डांगर म्हणायचं, कुणी काशीफळ. उज्वला डबा भरता भरता ऐकायची आणि माणूस कुठला ते मनात ठरवून टाकायची. मग हळूच विचारायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. राकेश टेंपोची फेरी संपवून जेवायला आला की ती त्याला सांगायची, वरच्या मजल्यावरचे ते पाव्हणे पुण्याचे म्हणून सांगतात, पण हायत बीडकडचे. राकेशला त्यात काही गंमत वाटत नसे. तो म्हणायचा, असूंदे की.

त्यांची एकुलती लेक अपेक्षा कर्जतमध्ये एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला स्थळ आलं ते उज्वलाच्या मावसभावाकडून, बुधाजीकडून. मुलगा रुपेश, खालापूरकडं कुंभिवलीला हायवेवरच्या एका कंपनीत सुपरवायझर. वडील कोंडीराम भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, तिथंच जवळच्या गावात दोन खोल्यांचं घर बांधून राहिलेले. माणसं आपल्यातलीच, बौद्ध. आणि बुधाजीनं शेवटी मुद्दाम सांगितलं की मुलाच्या आईचं माहेर पेणकडचं.

ते ऐकून उज्वला खूश झाली. पेणकडं तिचं आजोळ होतं. विहीणबाई तिकडच्या निघाल्या तर बोलायला चार गोष्टी होतील, असं तिनं मनाशी धरलं.

रविवारी मंडळी आली. विहीणबाई उंच, सावळ्या, अंगानं काटक. नाव बायजाबाई. 'जय भीम' म्हणून हात जोडले आणि खुर्चीच्या कडेवर अशा टेकल्या की कुणी 'उठा' म्हणालं तर चटकन उठता यावं. उज्वलानं त्यांना पेणचं विचारलं. कुठलं गाव, कुणाच्या घरातल्या. बायजाबाई हसल्या आणि त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. कोंडीरामानं सांगितलं की तिकडं आता कुणी राहिलं नाही, जाणं-येणंही नाही. उज्वलाला वाटलं, बाई लाजरी आहे.

मग पोहे आले. बायजाबाईंनी एक घास घेतला, आणि इतका वेळ मिटलेलं तोंड जणू त्या घासानंच उघडलं.

"सांबार ताजा आहे," त्या म्हणाल्या.

राकेश हसला आणि म्हणाला, "सांबार नाय ओ, पोहे हायत."

पण बाकी कुणी हसलं नाही. कोंडीरामाचा चमचा बशीत तसाच थांबला. रुपेशनं घाईनं पाणी मागितलं. बायजाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि त्यानंतर निघेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

उज्वलाला तो शब्द ठाऊक होता. नागपूरकडचा एक इंजिनिअर पूर्वी तिच्याकडून डबा न्यायचा. तो एकदा म्हणाला होता, भाजीवर थोडा सांबार टाका. उज्वलानं त्याला सांगितलं की सांबार इडलीबरोबर मिळतं, ते स्टेशनजवळ. मग दोघांच्या ध्यानात आलं की तो कोथिंबीर मागत होता. विदर्भातली माणसं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पेणची बाई कशाला म्हणेल?

पाव्हणे गेल्यावर तिनं राकेशला हे सांगितलं. तो म्हणाला, असेल कुठं ऐकलेला शब्द, बोलली. पण उज्वलाला नुसता शब्द खुपला नव्हता. एक साधा शब्द निघाला तर तिघं चोरी पकडल्यासारखे का थबकले, हे तिला खुपत होतं. शिवाय चटणी वाढताना रुपेश तिच्याशी बोलला होता, कोथिंबिरीची चटणी छान झालीय म्हणाला होता. सरळ कोथिंबीर. एका चुलीवरचं जेवणाऱ्या मायलेकरांच्या तोंडात एकाच जिनसाची दोन नावं कशी?

"ती त्याची आई नाय," ती राकेशला म्हणाली.

"मग काय भाड्यानं आणली?" राकेशनं विचारलं आणि तो कूस बदलून झोपी गेला. उज्वलाला मात्र तो बोलून गेला तेच खरं वाटायला लागलं. दाखवायला आणलेली बाई. मग खरी आई कुठं आहे? घर सोडून गेली? हाकलली? का सासुरवासानं काही करून घेतलं? लेक द्यायची त्या घरात बाईचं काय झालं ते कळायला नको?

तिनं एक युक्ती काढली. दुपारी दुकानात गर्दी नसताना तिनं बायजाबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, पेणकडं तुमी बिरड्याला वाल किती भिजवता? आमचे सोलताना फुटतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं पेणकडच्या पोरीसोरींनाही येतं. मग बायजाबाई म्हणाल्या, रुपेश आला की त्याला विचारून सांगते.

आई लेकाला विचारून बिरडं सांगणार होती. संध्याकाळी खरंच रुपेशचाच फोन आला, आणि त्यानं वाल किती भिजवायचे ते नीट सांगितलं. उज्वलानं आभार मानले. फोन ठेवल्यावर तिच्या हातातली लाटी तशीच राहिली. तिला त्या मुलाचा राग आला नाही, भीती वाटली. इतकं व्यवस्थित खोटं सांभाळणारा मुलगा पुढं अपेक्षाशी काय काय सांभाळेल?

तिनं बुधाजीला विचारून पाहिलं. तो म्हणाला की कोंडीरामानं जे सांगितलं तेच मी तुला सांगितलं. अपेक्षाला विचारलं तर ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मला काय माहीत गं? मी त्यांना एकदाच बघितलंय, तुझ्याच समोर."

हे बोलणं उज्वलानं खरं धरलं. निदान त्या आठवड्याच्या शेवटापर्यंत.

शनिवारी अपेक्षा लॅबमधून लवकर आली आणि आईला मदत करायला दुकानात उभी राहिली. ओट्यावर लाल भोपळ्याची मोठी फोड होती. अपेक्षानं विळी ओढली आणि म्हणाली, "हे कोहळं मी चिरते, तू भाकऱ्या बघ."

उज्वलाचा हात पिठातच राहिला. त्यांच्याकडं कोहळा म्हणजे पांढरा, वडीत घालतात तो. लाल भोपळ्याला कोहळं म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतं, शेजारीही नव्हतं. असं म्हणायचा तो नागपूरकडचा इंजिनिअर, आणि तो केव्हाच बदली होऊन गेला होता.

तिनं लेकीकडं पाहिलं. अपेक्षाला आपण काय बोललो त्याचा पत्ताही नव्हता. खाली मान घालून फोडी करत होती. म्हणजे ही शब्द उचलून आली आहे, आणि असा शब्द एकदा चहा प्यायल्यानं तोंडात बसत नाही. ही त्या घरात जाते. तिथं बसते, भाज्या चिरते, जेवते. आणि आपल्याला सांगते की एकदाच बघितलंय.

उज्वलानं पुन्हा भाकरी थापायला घेतली. पण तिला आपल्याच दुकानात परक्यासारखं वाटायला लागलं. बुधाजी, तो मुलगा, त्याचा बाप, आणि आता पोटची पोर. सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि मध्ये ती एकटीच आंधळी होती. तेव्हापासून अपेक्षा कुठं निघाली की ती घड्याळ बघायची. मैत्रिणीकडं गेले होते म्हणाली की मैत्रिणीचं नाव विचारायची. राकेशवरही तिचा विश्वास उरला नाही. हाही त्यांच्याकडचं खाऊन आला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या तोंडचे शब्दही ती ऐकत राहिली. राकेश बिचारा बटाट्याला बटाटाच म्हणत होता.

शेवटी तिनं एका सकाळी दुकान बंद ठेवलं आणि कुणाला न सांगता रिक्षा करून भिवपुरीला गेली.

कोंडीरामाचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो बाजारात गेला होता, रुपेश कंपनीत. बायजाबाई मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. उज्वलाला दारात बघून त्यांच्या हातातलं सूप कललं. त्या उठल्या, पदर सारखा केला.

"बसा ना जी. चहा मांडते."

मांडते. उज्वलाच्या कानानं तेही टिपलं. इकडं चहा ठेवतात, करतात. तिनं चहा नको म्हणून सांगितलं आणि पायरीवर बसली. येताना रिक्षात तिनं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं, आडून आडून कसं विचारायचं तेही. पण समोरची बाई अंग चोरून उभी होती, आणि ते बघून तिला आडून विचारणं जमलं नाही.

"बायजाबाई, माझ्या लेकीचा प्रश्न हाय," ती म्हणाली. "खरं सांगा. तुमी रुपेशच्या आई हाय का नाय?"

बायजाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी त्याले जन्म नाही देला," त्या म्हणाल्या. "बाकी सारं मीच केलं."

मग त्यांनी सांगितलं. त्या भंडाऱ्याकडच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पाइपलाइनच्या कामावर इकडं आल्या. काम अर्ध्यावर असताना नवरा गावाकडं जाऊन येतो म्हणाला, तो परतला नाही. गेला, मेला, दुसरी केली, कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारायला माणूस पाठवला नाही. मजुरांची टोळी पुढच्या कामाला निघून गेली आणि त्या मागं राहिल्या. वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करायला लागल्या. तिथं कोंडीरामाची बायको आजारी होती. ती पेणची. रुपेश तेव्हा रांगत होता. बाई दिवसेंदिवस अंथरुणाला खिळली, तसं मूल बायजाबाईंच्या कडेवर आलं. एक दिवस ती गेली. लोक म्हणाले, आता तू जा. पण मूल त्यांचा पदर सोडेना, आणि कोंडीराम 'जा'ही म्हणेना नि 'राहा'ही म्हणेना. त्या राहिल्या. त्यांचं लग्न कुणी लावलं नाही, त्यांनीही कुणाला लावा म्हटलं नाही.

उज्वला ऐकत होती, पण तिचा संशय इतक्यानं निवणारा नव्हता. तिनं विचारलं, तुमच्याच हातचं खाऊन तो वाढला, तर तुमचे शब्द त्याच्या तोंडात कसे नाहीत?

तेव्हा बायजाबाई पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघून बोलल्या. लहानपणी रुपेश त्यांच्यासारखाच बोलायचा. शाळेत जायला लागला तेव्हा एकदा त्यांनी त्याच्या डब्यात पेरूच्या फोडी दिल्या. त्यांच्याकडं पेरूला जाम म्हणतात. पोरानं वर्गात सांगितलं, मी जाम आणला. इकडं जाम म्हणजे ते पांढरं, पाणचट फळ. पोरं हसली. मग त्याला रोज नवं नवं बोलायला लावून हसायला लागली, आणि कुणीतरी घरी ऐकलेलंही बोललं की तुझी आई तुझी नाहीच, म्हणून तू असा बोलतोस. तो रडत घरी आला.

"त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर माझ्याकडचं नाव घेतलंच नाही," बायजाबाई म्हणाल्या. "जे नाव येत नाही ते बोट दाखवून मागावं. बोलणंच कमी केलं. बिरडं तर त्याच्या बापानं शिकवलं त्याले. मले अजून नीट नाही येत."

मुलगी बघायला यायच्या आधी घरात त्यांच्याकडून इकडच्या शब्दांची उजळणी करून घेतली होती, हेही त्यांनी सांगितलं. बटाटा, चपाती, कोथिंबीर. मी येतच नाही म्हणून त्यांनी सांगून पाहिलं होतं. पण रुपेश म्हणाला, आई म्हणून तूच बसायचं, नाहीतर मी जात नाही. आणि पोहे इतके चांगले झाले होते की तोंडातून निघून गेलं.

हे लपवायचं कुणी ठरवलं, असं उज्वलानं विचारलं. बायजाबाईंनी सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला सुरुवात केली. ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. उज्वलाला सांगायची गरजही राहिली नव्हती, तिला अपेक्षाचं ते 'कोहळं' आठवलं होतं.

घरी आली तेव्हा अपेक्षा नुकतीच कामावरून परतली होती. उज्वलानं दार लावून घेतलं आणि भिवपुरीला जाऊन आले, एवढंच म्हणाली. अपेक्षाचा चेहरा उतरला, पण तिनं काही नाकारलं नाही. पावसाळ्यात बायजाबाईंना ताप आला होता, त्यांचं रक्त तिच्याच लॅबमध्ये आलं होतं. रिपोर्ट न्यायला रुपेश यायचा. पुढं ती त्यांना बघायला घरी जायला लागली, आणि रुपेश घरी नसला की बायजाबाई तिच्याशी मोकळेपणी आपल्याकडचंच बोलायच्या. बुधाजीमामाकरवी स्थळ आणवायचं त्या दोघांनीच ठरवलं होतं.

"आणि खोटं बोलायचं?"

"ते मी ठरवलं," अपेक्षा म्हणाली. "रुपेश सगळं सांगून टाकू म्हणत होता. मीच नको म्हटलं."

"का गं? मी काय खाल्लं असतं त्यांना?"

"तू डबा भरायच्या आधी माणसाचं गाव ठरवतेस, आई. आणि गाव ठरलं की माणूसही ठरवून टाकतेस. दोन नंबरच्या इमारतीतल्या ताईंचं लग्न झालेलं नाही असं कळलं, तेव्हा तू गिऱ्हाइकांसमोर काय काय बोललीस? त्या पुन्हा दुकानात आल्या का?"

त्या ताई आल्या नव्हत्या. पण पोरीनं आपल्याला ओळखलं म्हणून तिचा राग गेला असं काही झालं नाही. उलट तो वाढला. तिनं अपेक्षाशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि भिंतीकडं बघत बसायची. राकेश दोघींच्या मध्ये इकडचं तिकडचं सांगत राहिला आणि शेवटी तोही गप्प झाला.

असं काही दिवस चाललं. मग उज्वलानं राकेशकरवी निरोप धाडला की बैठक घ्या, आणि कोंडीरामानं सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगावं. लपवाछपवीच्या घरात मी लेक देणार नाही.

बैठक भिवपुरीलाच झाली. कोंडीरामानं खाली बघत सगळं सांगितलं. ऐकून बुधाजी भडकला. आपल्याला पेण सांगून फसवलं, असं त्याचं म्हणणं. कोंडीराम म्हणाला की पेण खोटं नाही, रुपेशला जन्म देणारी पेणचीच होती. पण बुधाजी ऐकून घेईना. कुठली कोण बाई, नवरा जिवंत का मेला ते ठाऊक नाही, लग्न नाही, आणि तिच्या पाया पडायला आपली पोर धाडायची? त्यानं उज्वलाकडं वळून सांगितलं की हे स्थळ मोडलं, ऊठ.

आतल्या दारापाशी बायजाबाई उभ्या होत्या. त्या आत वळल्या.

उज्वला उठली नाही. खरं तर बुधाजी जे बोलला ते सगळं ती गेले कित्येक दिवस मनात बोलली होती, त्याच शब्दांत. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना तिला कसंसंच झालं.

"बुधाजी, तू सांगितलंस, आमी ऐकलं," ती म्हणाली. "पर लेक माझी हाय. या घरात द्यायची का नाय ते मी बघीन. आणि त्या बाईबद्दल तिच्याच घरात बसून असं बोलू नको."

बुधाजी चप्पल घालून निघून गेला, तो लग्नालाही आला नाही. मग उज्वलानं कोंडीरामाला विचारलं, बाईनं तुमचं घर सांभाळलं, पोर वाढवलं, तर निदान विहारात दोन माणसांत उभं राहून तिला आपली म्हणायला काय झालं होतं? भावकी काय म्हणेल म्हणून राहिलं, मग राहूनच गेलं, असं काहीतरी कोंडीराम पुटपुटला. आता करा, म्हणून राकेशनंही सुचवलं. त्यावर आतून बायजाबाईंचाच आवाज आला. आता नको म्हणाल्या. भंडाऱ्याकडचा माणूस हयात असला तर? आणि तो नसला तरी आता त्यांना कुणाचं नाव लावायचं नव्हतं. पोरानं आई म्हटलं, तेवढं पुरे होतं.

लग्न भिसेगावच्या विहारात झालं. आशीर्वादाला आया पुढं बोलावल्या, तेव्हा बायजाबाई खांबाआड सरकल्या. उज्वला गेली, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना पुढं घेऊन आली. पेणकडच्या एका म्हाताऱ्या मावशीनं मागून विचारलं, ह्या कुणाच्या कोण? उज्वला म्हणाली, "रुपेशच्या आई. भंडाऱ्याच्या हायत." मावशीला आणखी विचारायचं होतं, पण उज्वलानं तिच्याकडं पाठ केली.

बायजाबाईंबद्दलचा तिचा संशय तिथं संपला. लेकीबद्दलचा मात्र संपला नाही. एवढं मोठं खोटं डोळ्याला डोळा न भिडवता बोलून गेलेली पोर, ती पुढं काय काय लपवील कोण जाणे. लग्नानंतर अपेक्षाचा रोज संध्याकाळी फोन येई. सासू फार करतात, रुपेश वेळेवर येतो, सगळं छान चाललंय. उज्वला हूं हूं करत ऐकायची आणि बोलण्याच्या मागचं ऐकू येतं का ते बघायची. कधी आवाज जड वाटायचा. सर्दी झालीय, अपेक्षा म्हणायची. उज्वला काढा घे म्हणून सांगायची, आणि फोन ठेवून राकेशला म्हणायची, उद्या दुकान लवकर बंद करते, जरा तिकडं जाऊन येते.